फक्त २४ हजार किलोमीटर!



सध्या आमच्या गोतावळ्यात एकच चर्चा चालू आहे. भाच्याने ती मारुती ८०० घ्यावी की नाही? गाडी २००७ ची. मालक रत्नागिरीचे, भाच्याचे चुलत सासरे. चाललेली फक्त २४ हजार किलोमीटर, सांगितलेली किंमत ८० हजार. आणि हो, 'खाली थोडा गंज आहे'. धुळे, जळगाव आणि पुणे अशा तिन्ही शाखांचं एकमत झालंय की "डोळे झाकून घे". मी एकटाच म्हणतोय, डोळे उघड आणि खाली वाकून बघ. फोनवर मला कुणी वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी त्या २४ हजारांचं कौतुक बघू. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण एवढा भागाकार मलाही येतो. अठरा वर्षं धरली तर वर्षाला साधारण १३३३ किलोमीटर, म्हणजे दिवसाला पावणेचारसुद्धा नाहीत. ही गाडी जपून वापरलेली नाही, ती उभी राहिलेली आहे. दोन्हींत फरक आहे. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद केलं की आत साचलेलं पाणी वाफ होऊन जात नाही. ते ऑइलमध्ये मिसळतं, सायलेन्सरमध्ये बसतं आणि सायलेन्सर आतून खातं. रबराला तर मीटर वाचता येत नाही. टायर, होस, टायमिंग बेल्ट हे सगळं वयानेही म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. भाच्याला ते बघायला सांगितले, तर टायर २०११ चे निघाले! नक्षी अगदी नवी, आणि बाजूला भेगा.

तरी हे सगळं बदलता येतं. इंजिन उतरवता येतं, बेल्ट नवा घालता येतो. ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी सुटे भाग अजून मिळतात. माझं भांडण गंजाशी आहे.

जीप किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी सडली तरी सांगाडा उभा राहतो. मारुती ८०० ला तशी चासी नाही. पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्डिंग करून बनलेला डबा हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी, सीटखालचा तळ, पुढच्या चाकांचे शॉक-अॅब्सॉर्बर वर जिथे टेकतात ती जागा, सीटबेल्ट जिथे अडकवलाय तो भाग, हे सगळं म्हणजे गाडीचा कणाच. तिथे गंज 'थोडा' आहे म्हणणं म्हणजे तुळईला वाळवी थोडी आहे म्हणण्यासारखं. (आमच्याकडे पातेल्यालाही गंज म्हणतात. सौ. म्हणाली, "त्या गाडीत दोन्ही अर्थ बसतात.")

रत्नागिरीची खारी हवा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि त्यात गाडी बारा महिने ताडपत्रीखाली. ताडपत्रीने पाऊस अडतो, पण ओल आतच कोंडते. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, डॅशबोर्ड तडकतो, रंग उडतो. पण पाऊस सातशेच्या आसपास आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब. खानदेशात उन्हाने भाजलेली गाडी दिसायला भिकार असेल, तिचा तळ मात्र बहुधा शाबूत असतो. आपण नेमके उलटे भुलतो.

पुण्याच्या मेहुण्यांनी युक्तिवाद केला की जुना पत्रा जाड असायचा. २००७ म्हणजे काय पेशवाई? गाडीचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. मग म्हणाले, दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहेच ना! दाजी, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे त्यावर संरक्षक थर धरला. शिवाय तो भरीव आहे, आणि त्यात कुणी पोरंबाळं बसवून पारोळ्याहून एरंडोलला जात नाही.

मागच्या महिन्यात लग्नाच्या निमित्ताने गाडी धुळ्यात आली, तेव्हा भाच्याच्या ओळखीच्या मिस्त्रीने ती खड्ड्यावर घेतली. तळाला ताजा काळा डांबरी रंग. अठरा वर्षांच्या गाडीला खालून नवा रंग कशाला लागतो? त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत नेलं. ठण, ठण, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली आल्यावर भद्द! टोक लावलं तर आत गेलं. म्हणाला, "भाऊ, हाई गाडी नही, चाळनी शे." या एका वाक्यापुढे नातेवाइकांचे सगळे सल्ले मला फिके वाटतात.

गंज दिसला की पळा, असं मी म्हणत नाही. दाराच्या खालच्या कडेला, डिकीच्या झाकणाला, बॉनेटच्या टोकाला असेल तर घासा, प्रायमर मारा, खुशाल घ्या. ते भाग बोल्ट काढून बदलताही येतात. तळाचं तसं नाही. सडका भाग कापून नवा पत्रा नीट वेल्ड करायला चांगला कारागीर हवा, आणि कापायला घेतलं की गंज कुठवर गेलाय ते तेव्हाच कळतं. नुसती वरून पट्टी ठोकली तर आत सडणं चालूच राहतं.

अजून एक. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे ही गाडी २०२७ मध्ये पुन्हा आरटीओपुढे उभी राहणार, वीस वर्षं पुरी करून. वीस वर्षांवरच्या मोटारीचं ते शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार केलं. शिवाय पर्यावरण कर. शिवाय आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ओल शोषून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या लोखंडी टाकीला ते बाधतं.

चुलत सासऱ्यांचा मान राखायचा म्हणून गाडी घ्यावी, हा आतल्या गोटातला खरा मुद्दा आहे, तो मला ठाऊक आहे. ते गृहस्थ सज्जन आहेत, गंज त्यांनी लपवला नाही, आणि हे वाचून त्यांना राग आला तर मी फोन करीन. पण दर शनिवारी धुळे-जळगाव महामार्गावर केळीच्या ट्रकांमधून त्या तळावर भाची-सून आणि दोन पोरं बसणार आहेत. मान शालीनेही राखता येतो.

सावद्याला एक अल्टो आहे, २०१२ ची, ९४ हजार चाललेली. मालक रोज शेतावर न्यायचा. सीट फाटलेली, छताचा रंग उडालेला, एक आरसा दोरीने बांधलेला. मागतोय १ लाख २० हजार. तिच्याकडे घरात कुणी बघायलाही तयार नाही, कारण मीटर! भाच्या, रविवारी ये. मिस्त्रीला आण, आणि त्याला म्हणावं स्क्रूड्रायव्हर विसरू नको.