आरोग्यपृच्छा : आंतून काळवंडलेला दांत

बदलापूरच्या एका घरांतून प्रश्न आला आहे. सुनेच्या पुढच्या दांताचें रूट कॅनॉल झालें, दुखणें थांबलें. पण वर्षभरांत दांत करडा पडला. सासूबाई म्हणतात, घांसण्यांत हयगय! सासूबाईंनीं हा आरोप मागें घ्यावा. असा डाग बहुधा आंतून उमटतो. भरलेलें औषध मुळापुरतें न राहतां दिसणाऱ्या भागाच्या पोकळींत उरलें, तर त्यांतील चांदी वा बिस्मथ काळवंडतें. झिर्कोनियमयुक्त सिमेंटांत हें भय फार कमी.

दांत मात्र उपटूं नये. अंबरनाथ-उल्हासनगरकडील दंतवैद्यास दाखवावा. मागल्या बाजूनें उघडून, उरलेलें औषध खरवडून, आंत सोडियम परबोरेट कांहीं दिवस बंद करून ठेवतात. ही रीत १९६१ सालची. बिस्मथचा डाग कित्येकदां पुरता जात नाहीं. धाकट्या नणंदेचेंही तेंच काम निघालें आहे ना? मग सिमेंट कोणतें, हें आधींच विचारावें.