मूठ कुणाच्या मापाची?

कॉर्डलेस ड्रिल घ्यायला गेलं की दुकानदार आधी व्होल्ट सांगतो, मग न्यूटन-मीटर, आणि मग "साहेब, दोन बॅटऱ्या येतात यात". मूठ कशी आहे ते कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आठवडाभर आकड्यांशी खेळून पोट भरणारा माणूस मी, खोक्यावर आकडे दिसले की मला बरं वाटतं. 12 व्होल्टचं छोटं मशीन, हलकं, घरच्या कामाला पुष्कळ, असा हिशोब करून घेऊन आलो. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाहीच.

त्यात खास विचार असा होता की हलकं आहे म्हणजे आईलाही वापरता येईल. आईला आयुष्यभर भिंतीत एक हुक मारायचा असला तरी कुणाची तरी वाट बघावी लागलीये. आधी बाबांची, मग मिस्त्रींची, आणि मग माझी (मी सगळ्यात वाईट). पण तिने ते मशीन हातात घेतलं, दोनदा खालीवर केलं आणि परत दिलं. "तूच कर रे बाबा. हे माझ्या हातात बसत नाही." मी ते 'मला जमत नाही' असं ऐकलं आणि सोडून दिलं. दोन वर्षं!

मग गेल्या पावसाळ्यात मावसभाऊ त्याचं 18 व्होल्टचं मशीन विसरून गेला. ते माझ्यापेक्षा चांगलं चारशे ग्रॅमने जड. आईने ते उचललं, ट्रिगर हळूच दाबला, चक सावकाश फिरवून बघितला आणि म्हणाली, "हे बरंय की." मी चाट! जड मशीन बरं आणि हलकं नको, हे कसं काय?

शेवटी दोऱ्याने मोजलं. माझ्या मशीनच्या मुठीचा घेर साडेचौदा सेंटिमीटर, भावाच्याचा साडेबारा. आईचा हात अगदी लहान, बांगडी दोन-चारची. माझ्या मशीनवर तिची बोटं पुरेशी वळतच नव्हती. तर्जनीचं जेमतेम टोक ट्रिगरला लागत होतं, आणि ते लागावं म्हणून ती अख्खं मनगट आत वळवत होती.

आता हा फरक का, ते बघा. छोट्या मशीनमध्ये बॅटरी मुठीच्या आत शिरते. बॉश आणि मिलवॉकी यांच्या 12 व्होल्टच्या मशिनांची रचना अशीच आहे. त्या बॅटरीत लिथियमचे तीन सेल असतात, सहसा 18650 जातीचे, म्हणजे 18 मिलिमीटर जाडीचे. असे तीन सेल त्रिकोणात उभे केले की त्यांच्याभोवतीचं वर्तुळ साधारण 39 मिलिमीटरचं होतं (शाळेतली भूमिती, करून बघा). त्यावर बॅटरीचं प्लास्टिक, त्यावर मुठीचं प्लास्टिक, त्यावर रबर. पंचेचाळीसच्या खाली येणं अवघडच. 18 व्होल्टच्या मशीनमध्ये मात्र बॅटरी मुठीखाली आडवी सरकते. मुठीत राहतो फक्त स्विच आणि चार वायरी, त्यामुळे ती हवी तेवढी बारीक करता येते. म्हणजे माझ्या मशीनची मूठ हाताच्या मापाने नाही, सेलच्या मापाने बनलेली आहे.

ही गोष्ट जुनीच आहे. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली ट्रिगर या रचनेचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला 1917 साली मिळालं. तेव्हा वीज वायरीने यायची, मुठीला दुसरं काही पोटात घ्यायचं नव्हतं. याच कंपनीने 1961 मध्ये बिनवायरीचं ड्रिल आणलं आणि बॅटरी कुठे ठेवायची हा प्रश्न सुरू झाला. मकिताच्या 1978 च्या 7.2 व्होल्टच्या ड्रिलमध्ये निकेल-कॅडमियमची लांब कांडी मुठीतच जायची. पुढे व्होल्ट वाढत गेले तसे सेल मुठीत मावेनात, ते खाली ठोकळ्यात उतरले. लिथियम आल्यावर तीनच सेलमध्ये काम भागायला लागलं आणि बॅटरी परत मुठीत शिरली! आधी मकिताचीही लिथियमची लहान मशिनं तशीच होती. मग त्यांनी 12 व्होल्टची जी नवी मालिका काढली तिच्यात बॅटरी खालून सरकवायची केली. त्यांना कुणीतरी आई भेटली असणार :-)

आरामाचं ठीक आहे, पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो ताबा. टाइलवर भोक पाडताना पहिली दहा सेकंदं बिट अगदी हळू फिरायला हवा, नाहीतर तो घसरतो आणि टाइलवर जन्माचा ओरखडा. ट्रिगर बोटाच्या पेरात बसला तरच तो अर्धा, पाव असा दाबता येतो. नुसतं टोक पोचत असेल तर ट्रिगरला दोनच अवस्था उरतात, चालू आणि बंद. आई "बसत नाही" म्हणाली ती हेच सांगत होती.

मूठ मशीनच्या कुठल्या भागाला जोडलीये हा दुसरा मुद्दा. वायरीच्या जुन्या ड्रिलला ती अगदी मागे असते. तळहात जवळजवळ बिटच्या रेषेतच येतो, जोर सरळ भिंतीत जातो. बहुतेक कॉर्डलेसला मूठ मधोमध असते, इंग्रजी टी सारखी. तोल छान राहतो, हात दुखत नाही, पण ढकलायला लागलं की आपला जोर बिटच्या रेषेच्या खाली पडतो आणि नाक वर उचललं जातं. माझ्या पहिल्या फळीची चारही भोकं वर तिरकी गेली होती ती यामुळे. मी भिंतीला दोष देत होतो. आमच्याकडे येणारे मिस्त्री कसं धरतात ते नीट बघितलं तेव्हा कळलं. ते मूठ अगदी वर, मोटरच्या पोटाला चिकटून धरतात, तर्जनी मशीनच्या अंगावर बिटच्या दिशेने सरळ ठेवतात आणि ट्रिगर मधल्या बोटाने दाबतात. बोट दाखवावं तशी भोकं सरळ जातात. त्यांना विचारलं कुणी शिकवलं, तर म्हणाले, "त्यात काय शिकवायचं?"

पण बारीक मुठीचं मशीन घ्या आणि सुखी व्हा, असंही नाही. 18 व्होल्टच्या मशीनला 50 न्यूटन-मीटरचा पीळ सहज असतो. बिट अडकला की तो पीळ मशीनला फिरवतो. हात बिटच्या रेषेपासून साधारण 10 सेंटिमीटर खाली, म्हणजे मनगटावर 500 न्यूटन, पन्नास किलोचं पोतं एकदम लटकावल्यासारखं. कुणाचं मनगट ते धरणार? भावाच्याच मशीनने टेबलात वायरींसाठी 25 मिलिमीटरचं भोक पाडत होतो. फ्लॅट बिट प्लायमधून बाहेर पडताना अडकला आणि माझा अंगठा मूठ आणि टेबलाची कड यांच्या मधे. पुढचे आठ दिवस स्पेसबार डाव्या अंगठ्याने मारला. खोक्यात बाजूचा दांडा पडलाच होता, पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. तो लावला की हात 25 सेंटिमीटर लांब जातो आणि तेच काम 200 न्यूटनमध्ये भागतं. (आणि हो, ड्रिलचं चित्र असलेल्या खुणेवर कड फिरवलेली असेल तर क्लच मदतीला येत नाही. मला वाटायचं येतो.)

जड बॅटरीचा त्रासही खरा आहे. पडद्याच्या दांड्यासाठी स्टुलावर उभं राहून डोक्यावर मशीन धरलं की दहा सेलची मोठी बॅटरी तिथे जाणवते. तिथे पाच सेलची लहान बॅटरी लावावी, चार भोकांना ती पुष्कळ पुरते. आणि टेबलावर उभ्या खाली स्क्रू पिळायचे असतील तर पिस्तुलाची मूठच चुकीची, कोपर वर जातं आणि मनगट मोडतं. काही छोट्या स्क्रू-ड्रायव्हरांना मधे बिजागरी असते, सरळ करून कांडीसारखे धरता येतात. ते यासाठीच.

अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने 2004 साली साध्या हत्यारांसाठी एक मार्गदर्शिका काढली होती. जोराच्या कामासाठी मुठीची जाडी सव्वा ते दोन इंच असावी असं त्यात म्हटलंय. माझ्या जाड मशीनची जाडी या मापात आरामात बसते. म्हणजे कागदावर सगळं बरोबर! पण सव्वापासून दोनपर्यंत यायला किती हात लागतात? बांगडीला दोन-चार, दोन-सहा अशी मापं आहेत. क्रिकेटची पोरं बॅटवर एकावर एक दोन ग्रिप चढवून दांडा आपल्या हाताला जुळवून घेतात. ड्रिलच्या खोक्यावर मात्र मुठीचा घेर हा आकडाच नसतो. तो छापायला कंपनीला काही खर्च नाही. माझी एवढीच मागणी आहे. तोपर्यंत दुकानात जाताना खिशात शिवणाची टेप ठेवा, आणि ज्याने वापरायचंय त्याला बरोबर न्या. ऑनलाइन घेतलंत तर हात कसा लावणार, हा प्रश्न आहेच.

भावाचं मशीन परत गेलं. मी माझं विकलं आणि बारीक मुठीचं घेतलं. आईने आधी बाल्कनीत तुळशीच्या वरच्या कुंडीसाठी हुक लावला, मग स्वयंपाकघरात झाऱ्यांची पट्टी. काल संध्याकाळी आलो तर हॉलच्या भिंतीत एक नवीन भोक, प्लग ठोकलेला, सरळ. कशासाठी म्हणून विचारलं. "ते ठरायचंय अजून," म्हणाली.