तेजपत्ता : पुलावाचा सुगंध, पोटाला आराम

बिर्याणी-पुलावाचा मसाला काढताना आपण लवंग, वेलची, दालचिनी मोजून घेतो. तेजपत्ता मात्र डब्यात हात घालावा आणि येतील तेवढी पाने टाकावीत, असा प्रकार असतो. जेवताना तेच पान ताटाच्या कडेला काढून ठेवले जाते. या पानाची ओळख आज करून घेऊ या.

मराठीत याला तमालपत्र म्हणतात. दालचिनीच्याच कुळातल्या झाडाचे हे पान. ही झाडे हिमालयाच्या पायथ्याशी, नेपाळ, भूतान आणि मेघालयात वाढतात. युनानी हकीम याला ‘साजज हिंदी’ म्हणतात. इब्न सीनांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथातही साजजची नोंद आहे. आयुर्वेदात दालचिनी, वेलची आणि तमालपत्र मिळून ‘त्रिजात’ होते.

पान ओळखा

आपल्या तेजपत्त्यावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. लॉरेलच्या पानात मधोमध एकच शीर असते. ते भूमध्य समुद्राकडचे पान. त्याचे झाड वेगळे, वासही वेगळा. आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना दुकानात ‘वरक अल-गार’ नावाने मिळते ते हेच. पुलावात ते चालते, पण आपली ओळखीची चव येत नाही.

स्वयंपाकात

याचा सुगंध तेला-तुपात चांगला उतरतो. म्हणून मंद आचेवर तूप तापले की आधी तेजपत्ता टाकावा, मग कांदा. यखनीसाठी एक किलो मटणाला दोन-तीन पाने पुरतात. जास्त टाकल्यास कडसर चव येते. चांगले पान हिरवट असते आणि मोडताच वास देते. तपकिरी पडलेले, वास गेलेले पान टाकून द्यावे. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि उन्हापासून दूर ठेवावा. तांदूळ-डाळीला कीड लागू नये म्हणून डब्यात चार पाने ठेवण्याची रीतही अनेक घरांत आहे.

पान कितीही शिजले तरी मऊ होत नाही. त्याचा कडक तुकडा घशात अडकू शकतो. घरात लहान मुले किंवा वयस्कर माणसे असतील, तर वाढण्यापूर्वीच पाने काढावीत.

पोटासाठी

दावतीच्या जड जेवणानंतर पोट फुगणे, गॅस, करपट ढेकर यांवर तेजपत्त्याचा काढा घेण्याची पद्धत जुनी आहे. दोन कप पाण्यात दोन पाने आणि आल्याचा छोटा तुकडा टाकून पाणी दीड कप होईपर्यंत उकळावे, गाळावे आणि कोमट प्यावे. सर्दीतही याची गरम वाफ आणि घोट बरे वाटतात. लवंगेत असणारे युजेनॉल हे सुगंधी द्रव्य या पानाच्या तेलातही असते.

मधुमेह असेल तर

‘तेजपत्त्याचे पाणी प्या, साखर कायमची जाईल’ असे निरोप मोबाईलवर फिरतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पानाच्या चूर्णाने टाईप 2 मधुमेहींची साखर कमी झाल्याचे दिसले, हे खरे. पण त्यात 40 माणसे होती आणि प्रयोग 30 दिवसांचा होता. शिवाय त्या अहवालात नाव आहे ते लॉरेलचे, आपल्या तेजपत्त्याचे नव्हे. एवढ्यावरून कोणाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करता येत नाही. औषध सोडल्यावर साखर गुपचूप वाढत राहते. त्याचा फटका डोळे, मूत्रपिंड आणि पायांना बसतो.

आजारावर इलाज करून घेणे ही आपल्या दीनचीही शिकवण आहे. इलाज आणि तवक्कुल यांत विरोध नाही. अम्मी-अब्बांना काढा आवडत असेल तर जरूर द्यावा, पण साखर, गूळ किंवा मध न घालता, आणि गोळी वेळेवर दिल्यानंतरच. नेहमी काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. गर्भवती भगिनींनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा किंवा चूर्ण घेऊ नये. पुलावातल्या दोन पानांना मात्र कोणाची हरकत नाही.