सातवी सीट कुणाची?

दसरा-पाडवा जवळ आला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "आता सेव्हन सीटरच घेऊ, सगळ्यांना एकत्र जाता येईल." मग शोरूमच्या चकरा सुरू. सनरूफ बघून होतं, स्क्रीन किती इंची ते बघून होतं, मायलेजवर वाद होतो. शेवटच्या रांगेचा विषय मात्र चार शब्दांत संपतो, "तिथं काय, पोरं बसतील."

पोरं चार-पाच वर्षांत बापाच्या खांद्याला लागतात, हे कुणी धरत नाही. आणि तोवर तरी तिथं पोरं बसतात का? मी आजवर जे बघत आलोय त्यावरून सांगतो, तिथं नाही म्हणू न शकणारी माणसं बसतात. धाकटी सून, आत्या, कॉलेजातली पुतणी. जेजुरी किंवा तुळजापूरला कुलदैवताला निघालेल्या कुठल्याही गाडीचं मागचं दार उघडून बघा. गुडघे छातीशी, मांडीवर पिशवी, मान वाकडी. वर "मी ठीक आहे हो" हे ठरलेलं वाक्य.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तीन रांगांची गाडी मागून पुढे बघत घ्यावी. आणि सरकारनंसुद्धा ती रांग मोजायला शिकावं.

आधी गाड्यांचं बघू. एसयूव्ही मोठी दिसते म्हणून आत ऐसपैस असेलच असं नाही. पाय पसरायला जागा किती मिळणार हे बरंचसं व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावर ठरतं. टाटा सफारी साधारण ४.६७ मीटर लांब, मारुती अर्टिगा साधारण ४.४ मीटर. रस्त्यावर शेजारी उभ्या केल्या तर अर्टिगा धाकटी वाटते. पण व्हीलबेस? सफारीचा २७४१ मिलिमीटर, अर्टिगाचा २७४०. फरक एका मिलिमीटरचा! सफारी रुंद आहे, त्यामुळे खांद्यांना मोकळीक जास्त, हे खरं. पण पाव मीटर जास्तीच्या लांबीतलं व्हीलबेसच्या वाट्याला काहीच आलेलं नाही. टोयोटा फॉर्च्युनर तर जवळपास ४.८ मीटर लांब, व्हीलबेस २७४५. याउलट किया कॅरेन्स ४.५४ मीटरची आणि व्हीलबेस २७८०. इनोव्हा क्रिस्टाचा २७५०, तर नंतर आलेल्या हायक्रॉसचा २८५०.

दुसरी गोष्ट फरशीची. फॉर्च्युनर, क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओ-एन या चॅसीवर बांधलेल्या गाड्या. खराब रस्त्याला दणकट, पण खालच्या चॅसीमुळे आतली फरशी उंच येते. फरशी उंच आणि सीट खाली असली की गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार कमरेवर जातो. तासाभरात पाठ बोलायला लागते. हायक्रॉस, कॅरेन्स, अर्टिगा यांना वेगळी चॅसी नाही, इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना जाते. त्यामुळे फरशी खाली ठेवता येते. गणपतीला मुंबईहून कोकणात जाताना आठ-दहा तास बसायचं असेल, तर या दोन-चार इंचांची किंमत सनरूफपेक्षा जास्त आहे.

तिसरी गोष्ट सामान. सातही सीट उभ्या ठेवल्या तर अर्टिगात २०९ लिटर जागा उरते, हायक्रॉसमध्ये ३००. रेनो ट्रायबरमध्ये ८४, म्हणजे दोन पिशव्या. मग बॅगा कुठं जातात? शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या पायाशी.

आता ट्रायबरचं नाव निघालंच आहे, तर सरकारकडे वळू. ही गाडी ४ मीटरच्या आतच का? कारण कराची रेघ ४ मीटरवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी, त्यापुढच्यांना ४०. त्याआधी मोठ्या एसयूव्हीवर सेस धरून ५० टक्के होता, आणि तेव्हा काय काय मोजलं होतं बघा. लांबी ४ मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर, जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर. ती उंची माणसं बसलेली असताना मोजायची की रिकाम्या गाडीची, यावरही जीएसटी परिषदेनं २०२३ मध्ये खुलासा केला : रिकाम्या गाडीची. म्हणजे मिलिमीटर मोजायची हौस सरकारला आहे. आत बसलेल्या माणसाचा गुडघा कुठं टेकतो, एवढंच कुणी मोजत नाही. आरसीवर '७' लिहिलं की विषय संपला.

सुरक्षेचंही तेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं, चांगलंच झालं. पण धडकेच्या चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे पुढे आणि लहान मुलांचे मधल्या रांगेत असतात. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचा पुतळाच नाही. मागच्या काचेपासून वीतभर अंतरावर ज्याचं डोकं आहे, त्याच्याबद्दल ते पाच तारे काय सांगणार? आणि काही गाड्यांत तर अजून समोरासमोरचे आडवे बाक आहेत. सीटबेल्टचा नियम बघा, मागच्या सीटवर तो लागू होतो फक्त पुढे तोंड करून बसणाऱ्याला. आडवा बसलेला माणूस नियमाच्या हिशेबातच नाही!

माझ्या मागण्या तीनच आहेत. प्रत्येक कंपनीनं तिसऱ्या रांगेतली गुडघ्याची, डोक्याची जागा आणि फरशीपासून सीटची उंची एकाच पद्धतीनं मोजून माहितीपत्रकात छापावी. भारत एनकॅपनं तिसऱ्या रांगेत पुतळा बसवावा. आणि जिथं डोक्याला आधार आणि खांद्यावरून येणारा पट्टा नाही, ती जागा 'सीट' म्हणून विकू देऊ नये.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही एवढं करा. शोरूममध्ये जाताना घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात वयस्कर, अशा दोघांना न्या. उंच माणसाला मधल्या रांगेत आरामात बसवा, सीट पुढे सरकवू नका. मग त्याच्या मागे स्वतः वीस मिनिटं बसा. सेल्समन घाई करेल, करू द्या. आईला साडीत मागे चढून-उतरून बघू द्या. डोक्यामागचा आधार वर ओढून बघा, एसीचा झोत तिथवर येतो का बघा. सातही सीट उभ्या ठेवून दोन बॅगा आत घाला. हे जमत नसेल तर सरळ पाच सीटची गाडी घ्या आणि वर्षातून दोनदा मोठी गाडी भाड्यानं करा. पैसे वाचतील आणि आत्याची कंबरही.

तुमच्या घरी शेवटच्या रांगेत कोण बसतं? उत्तर लिहायच्या आधी एकदा त्यांनाच विचारा, आणि "मी ठीक आहे" यावर लगेच विश्वास ठेवू नका.