गर्भवतीचे माहेर

पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा बाहेरील जगाशी संबंध वर्षानुवर्षे तुटत आला आहे; अशा वेळी जिचे दिवस भरले आहेत त्या गर्भवतीला, वेणा सुरू झाल्यावर खाटेवर घालून ओढे ओलांडीत नेण्यापेक्षा, काही दिवस आधीच आरोग्य केंद्रापाशी आणून ठेवावे, या साध्या विचारातून महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत ‘माहेरघर’ योजना निघाली. नाव मोठे सुरेख आहे. सरकारी दप्तरात अशी कल्पकता क्वचितच आढळते. परंतु चूल, शेतीची कामे आणि लहान मुले ज्या एकाच स्त्रीच्या शिरावर आहेत, तिने ती कोणाच्या हवाली करून निघावे, हा प्रश्न चार भिंती व खाटांच्या तरतुदीने मिटत नाही. सोबतच्या मुलांचे भोजन आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई वेळेवर मिळेल तरच ती उंबरठा ओलांडील. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत होणारी, २०१६ साली सुरू झालेली गर्भवतींची मोफत तपासणीही तिथेच फलदायी ठरते, जिथे रक्तक्षय वा वाढलेला रक्तदाब नोंदवहीत टिपल्यानंतर आशाताई त्या स्त्रीच्या दारी पुन्हा जाते. आरोग्य खात्याने मृगापूर्वीच गर्भवतींच्या गावनिहाय याद्या सिद्ध कराव्यात आणि माहेरघरांतील चुली पेटतात की नाही, हे समक्ष जाऊन पाहावे.