अक्षर आणि डोळा

विद्यार्थ्यांच्या अक्षरासंबंधानें शिक्षकांनीं आजवर पुष्कळ लिहिलें आहे. अक्षर वळणदार असावें, ओळ सरळ असावी, काना-मात्रा चुकूं नये, हा उपदेश प्रत्येक पिढीनें ऐकला. परंतु जें अक्षर आपण लिहीत नाहीं, केवळ वाचतों, तें डोळ्यांना पुरेसें मोठें आहे कीं नाहीं, ह्याचा विचार वर्गांत क्वचितच होतो. संगणकाच्या खोलींत तर तो मुळींच होत नाहीं. त्याविषयीं आमचें मत ह्या वार्षिकांत मांडावें, असें एका लहानशा प्रसंगावरून आम्हांस वाटलें. तो प्रसंग आम्हांस भूषणावह नाहीं, हें आधींच सांगून टाकतों.

गेल्या वर्षीं आमच्या खोलींतील एका लिनक्स यंत्राचा नेहमीचा चित्रमय पडदा उघडेनासा झाला. अशा वेळीं कंट्रोल, आल्ट व एफ ३ ह्या तीन कळा एकत्र दाबल्या असतां बहुधा एक काळा पडदा समोर येतो. त्यावर चित्रें नाहींत, खिडक्या नाहींत. केवळ अक्षरें असतात, आणि आज्ञा टंकूनच काम करावें लागतें. ह्यासच मजकुराचा कन्सोल म्हणतात. आमचें वय चाळीस ओलांडून गेलेलें, परंतु नाकावर चाळिशी चढविण्यास मन अजून तयार नव्हतें. पडद्यावरील अक्षरें तर मुंगीएवढीं! आम्हीं नववींतील एका विद्यार्थ्यास पुढें बसविलें, आणि 'तुझी परीक्षा पाहतों' अशी बतावणी करून त्यास ओळी मोठ्यानें वाचावयास लावल्या. त्यानें वाचावें, आम्ही सांगावें, त्यानें टंकावें, असा क्रम चालला. तीन वेळां आज्ञा चुकली. एकदां एक ठिपका निसटला. एकदां रोमन 'एल' ह्या अक्षराच्या जागीं एकाचा अंक पडला. आम्हीं त्यास सर्वांदेखत निष्काळजी म्हटलें. तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, मला तें नीट दिसतच नाहीं. मी अंदाजानें वाचतों."

आम्ही निरुत्तर झालों. दिसत तर आम्हांसही नव्हतें. फरक इतकाच कीं, विद्यार्थ्यानें तें कबूल केलें, आणि शिक्षकानें आपलें उणें लपवून त्याचा दोष विद्यार्थ्याच्या माथीं मारला.

आतां हें अक्षर इतकें बारीक कां दिसतें, तें पाहूं. जुन्या संगणकांवर मजकुराच्या पडद्याची रूढ मांडणी ८० अक्षरांची ओळ व अशा २५ ओळी, अशी असे. ८० हा आंकडा आयबीएम कंपनीच्या १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डावरील स्तंभांचा होय. त्याच कंपनीनें १९८७ सालीं आणलेल्या व्हीजीए पद्धतींतही ही मांडणी कायम राहिली. पडदा केवढाही असो, त्याच्या उंचीचे पंचवीस भाग होत, आणि प्रत्येक ओळीस एक भाग मिळे. आजच्या साधारण पडद्यावर १९२० आडवे व १०८० उभे ठिपके, म्हणजे पिक्सेल, असतात. त्यावर जुनेंच ८ ठिपके रुंद व १६ ठिपके उंच असें अक्षर ठेविलें, तर एका ओळींत २४० अक्षरें बसतात आणि ओळी होतात ६७. ठिपके वाढले, पण एकेक ठिपका लहान झाला. आणि अक्षराच्या वांट्यास मात्र पूर्वीं होते जवळजवळ तेवढेच ठिपके आले. मग तें बारीक दिसेल नाहीं तर काय?

ह्यावर सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे पडद्याचें रेझोल्यूशन कमी करणें. आमच्या मतें हा उपाय चुकीचा आहे. जुन्या फुगीर काचेच्या पडद्यांवर तो चालत असे, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांत यंत्र सुरू होतांना ७९१ हा आंकडा देऊन १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा मागावा, असें सांगितलेलें आढळतें. परंतु आजच्या चपट्या पडद्यांतील ठिपके कारखान्यांतच कायमचे ठरतात. १०२४ ठिपक्यांचें चित्र १९२० ठिपक्यांवर ताणलें, तर एका ठिपक्यास पावणेदोनांहून थोडी अधिक जागा व्यापावी लागते. अर्धा ठिपका उजळतां येत नाहीं, म्हणून अक्षराच्या कडा पुसट होतात. शिवाय २००९ च्या सुमारास लिनक्सच्या गाभ्यांतील चालकांनीं पडद्याचा ताबा स्वतःकडे घेण्यास आरंभ केला. ते पडद्याचें मूळचें रेझोल्यूशन पसंत करतात, आणि जुन्या आंकड्याचा पुष्कळदां कांहींच परिणाम होत नाहीं.

छापखान्याचा दाखला घ्या. पुस्तक बारीक टाइपांत छापलें असेल, तर कागद ओला करून शाई पसरविल्यानें अक्षर मोठें होत नाहीं. टाइपच मोठा जुळवावा लागतो. मुंबईस १८६९ सालीं जावजी दादाजी यांनीं काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ति सुबक टाइपांमुळेंच झाली. पडद्याचेंही तसेंच आहे. रेझोल्यूशन मूळचेंच ठेवावें आणि फॉन्ट मोठा घ्यावा.

हें करण्यास फारसे श्रम नाहींत. सेटफॉन्ट ही आज्ञा व तिच्यापुढें फॉन्टचें नांव रोमन अक्षरांत टंकलें, कीं अक्षर तत्काळ बदलतें. टर्मिनस नांवाच्या फॉन्टांत १६ ठिपके रुंद व ३२ ठिपके उंच असें ठसठशीत अक्षर मिळतें. तें घेतल्यास वर सांगितलेल्या पडद्यावर १२० अक्षरांच्या ३३ ओळी बसतात. १३६६ बाय ७६८ च्या लहान पडद्यावर ८५ अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे जवळजवळ जुनीच मांडणी. हा बदल यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो; त्यामुळें सामाईक यंत्रावर तो करण्यांत दुसर्‍याची गैरसोय नाहीं. कायमचा करावयाचा असल्यास डेबियन व उबुंटु ह्या प्रणालींत व्यवस्थापकाच्या अधिकारानें कन्सोल-सेटअपची फेरमांडणी करावी. यंत्र क्रमानें संकेतपद्धति, अक्षरसंच, फॉन्ट व आकार विचारतें; शेवटच्या दोन प्रश्नांस टर्मिनस व १६ बाय ३२ हीं उत्तरें द्यावीं.

त्या दिवशीं आम्हीं दोघांनीं मिळून हेंच केलें. चौथ्या खेपेस त्या मुलानें आज्ञा बिनचूक टंकली. ज्या वर्गासमक्ष त्यास निष्काळजी म्हटलें होतें, त्याच वर्गासमक्ष आम्हीं आपले शब्द मागें घेतले.

कोणी म्हणतील, बारीक अक्षरामुळें पुष्कळ ओळी एकदम दिसतात. यंत्राची लांबलचक नोंदवही तपासतांना ती मोठी सोय होय. हें आम्हांस मान्य आहे. ज्याची दृष्टि तीक्ष्ण आहे त्यानें खुशाल बारीक अक्षर ठेवावें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बारीक अक्षर वाचणें हें हुशारीचें लक्षण समजूं नये. मातृभाषेचें पुस्तक वाचतांना अर्धवट दिसलेला शब्द आपण संदर्भानें पुरा करतों. आज्ञेच्या ओळींत तसें करतां येत नाहीं. तेथें एक ठिपका, एक रिकामी जागा ह्यांनाही अर्थ असतो. त्यांतून लिपि परकी, आणि हा काळा पडदा बहुधा यंत्र बिघडल्यावरच उघडावा लागतो. ऐन अडचणीच्या वेळीं अक्षर दिसूं नये, ह्यापरतें दुसरें दुर्दैव कोणतें?

आपल्या मराठीस मात्र ह्या कन्सोलवर अजून नीट जागा नाहीं. त्याच्या फॉन्टांत एका वेळीं फार तर ५१२ आकृति मावतात; आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधीं काढणें, जोडाक्षर जुळविणें, हें काम तो करीत नाहीं. तेव्हां आकार कितीही वाढविला तरी देवनागरी तेथें शुद्ध उमटत नाहीं. हें अशक्य आहे असें मात्र कोणी समजूं नये. कानपूरच्या आयआयटींत जन्मलेलें व पुढें १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें वाढविलेलें जिस्ट नांवाचें तंत्र डॉस प्रणालीच्या मजकुराच्या पडद्यावर भारतीय लिपि दाखवीत असे. हें उरलेलें काम आमच्या वाचकांपैकीं एखाद्यानें मनावर घेतलें, तर आम्हांस धन्यता वाटेल.

असो. मोठें अक्षर हा चष्म्यास पर्याय नव्हे, हेंही सांगणें अवश्य आहे. त्या विद्यार्थ्याच्या पालकांस आम्हीं कळविलें. डोळे तपासले, आणि त्यास चष्मा लागला. आम्हांसही लागला. तो फळ्यावरील अक्षरही अंदाजानेंच वाचीत होता, हें आम्हांस तेव्हां समजलें. किती वर्षें तो मागें पडला असेल, ह्याचा विचार मनास बोंचतो.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींस आमची विनंति अशी कीं, संगणकाच्या खोलींतील पहिला तास आज्ञा शिकविण्यांत न घालवितां प्रत्येक मुलास आपल्या डोळ्यापुरतें अक्षर लावून घेण्यास शिकवावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे कीं, 'दिसत नाहीं' हें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. तुमच्या शिक्षकांनीं तें उशिरा म्हटलें. तुम्हीं पहिल्याच दिवशीं म्हणावें.