कॉलेजचे नाव मोठे की कोर्टाची पायरी जवळ?

वर्षावासातले ग्रंथवाचन संपले तरी पावसच्या एका बौद्धवाडीत त्या रात्री कोणी उठेना. वाडीतल्या एका मुलीने रत्नागिरीतून बी.ए. करून तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली होती. पसंतीक्रमात पहिले कॉलेज कोणते टाकायचे, यावर वाद पेटला. गावी आलेल्या चाकरमान्यांचा आग्रह मुंबईतल्या सिद्धार्थ विधी महाविद्यालयाचा. 'बाबासाहेबांच्या सोसायटीचं कॉलेज असताना दुसरीकडे कशाला?' वडिलांचा कल रत्नागिरीकडे. तिथले कॉलेज भागोजीशेठ कीरांच्या नावाचे, आणि कीरांनी पतितपावन मंदिर बांधले म्हणून तिथे नको, असेही एकजण म्हणाला. (असल्या वादाने मुलीची फी भरली जात नाही.) मुलीला मात्र कोणी काही विचारले नव्हते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी 1945 साली काढली, तिचे विधी महाविद्यालय 1956 चे. त्याबद्दल अभिमान आम्हालाही आहे. पण अभिमानावर प्रवेश ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाबासाहेबांनी 1916 साली ग्रेज इनमध्ये नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली त्यांना परतावे लागले. पुन्हा जाता आले ते 1920 मध्ये, स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज यांच्या बळावर. संस्था कितीही मोठी असो, तिथे टिकायचे तर आधी पैशाची सोय लागते.

मुंबईला जायचे म्हणजे राहायचे कुठे? नालासोपाऱ्याला मामाच्या खोलीत सहाजणांत सातवी. रोज तीन-चार तास लोकलमध्ये गेल्यावर वाचन कधी होणार? सरकारी वसतिगृह मिळाले तर प्रश्नच नाही, मुंबईलाच जावे. न मिळाल्यास स्वाधार योजना आहे, पण तिचे पैसे हातात पडेपर्यंत खोलीचे भाडे थांबत नाही.

रत्नागिरीचे आणि मुंबईचे, ही दोन्ही कॉलेजे मुंबई विद्यापीठाशीच संलग्न आहेत. पदवी तीच. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे इंटर्नशिप करावी लागते, ती जिल्हा न्यायालयात करता येते. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. म्हणजे आपले हायकोर्ट आता आंबा घाटापलीकडे आले.

अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ ने आरोपीच्या जामीन सुनावणीची नोटीस मिळण्याचा आणि तिथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला दिला. हे माहीत असलेला वकील शोधत आम्ही पीडित कुटुंबांसोबत कोर्टाच्या आवारात अनेकदा ताटकळलो आहोत. तेव्हा त्याने कोणत्या कॉलेजातून पदवी घेतली, हे कोणी विचारत नव्हते. भूषण गवई सरन्यायाधीश झाले, पण 1985 साली त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा देशात एकही राष्ट्रीय विधी विद्यापीठ नव्हते.

याचा अर्थ मुलांना गावातच अडकवावे असा कोणी काढू नये. बारावीतल्या ज्या मुलाला क्लॅट काढता येईल, त्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठातच जावे. 'समाजासाठी इथेच थांब' असे त्याला सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कुठे शिकतात, ते आधी पाहावे.

शेवटी कोणीतरी मुलीकडे वळले. ती म्हणाली, 'होस्टेल मिळालं तर मुंबई, नाहीतर रत्नागिरी.' दोन तासांत आम्हा कोणाला एवढे सरळ सुचले नव्हते. पसंतीक्रम तिने स्वतःच भरला. जात वैधता प्रमाणपत्र तेवढे यायचे आहे. त्याच्या मागे आता आम्ही लागलो आहोत.